घाई नाही

शनिवारी रात्री साडेनऊला माझा फोन वाजला की बायको नाव न बघताच म्हणते, "अप्पा. उद्या कुठे?" उद्या म्हणजे रविवारी सकाळी सात, एवढं पक्कं असतं. गाव बदलतं. गेल्या चार वर्षांत मी अप्पांबरोबर सातारा, सांगली, नाशिक, नगर आणि पिंपरी-चिंचवडला तर किती वेळा, जाऊन आलोय. देवदर्शनाला नव्हे. अप्पांना जुनी स्टेशन वॅगन घ्यायची आहे. "काही विशेष अपेक्षा नाहीत रे," ते म्हणतात, "चांगली ठेवलेली हवी, बस."

चांगली ठेवलेली म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे धुतलेली गाडी येते. अप्पांच्या डोळ्यांपुढे जॅकचा दांडा येतो. तो मूळचा हवा, मूळच्याच रेक्झिनच्या पिशवीत हवा आणि पिशवीची नाडी शाबूत हवी.

अप्पा आमच्या मयूर कॉलनीतल्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. रोज सकाळी कर्वे पुतळ्यापाशी कंपनीची बस पकडायची आणि दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमध्ये खोट काढायची, याचा त्यांना पगार मिळत असे. आता पेन्शनीत तेच काम ते फुकट करतात. त्यांच्या जगात माल दोनच प्रकारचा असतो, पास आणि रिजेक्ट. अगदीच अडलं तर तिसरा, डेव्हिएशनवर पास. म्हणजे मापात बसत नाही, पण चालवून घ्या. काकू म्हणतात, "मला ह्यांनी १९७९ साली डेव्हिएशनवर पास केलं. उंची दोन इंच कमी पडत होती." अप्पा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "दीड."

स्टेशन वॅगनच का, याचं उत्तर काकूंच्या तानपुऱ्यात आहे. अप्पांकडे सध्या एक छोटी गाडी आहे. तिच्यात तानपुरा घातला की भोपळा डिकीत आणि खुंट्या हँडब्रेकपाशी येतात. मग गिअर टाकताना षड्ज वाजतो. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला जाताना नातीनं मागच्या सीटवर त्या तानपुऱ्याला मिठी मारून बसायचं, ही त्यांच्या घरची जुनी चाल. नात आता इंजिनिअरिंगला आहे. ती मिठी मारायला तयार नाही.

एकदा अप्पा नवी गाडी बघायलाही गेले होते. शोरूममधल्या मुलाला म्हणाले, "मला वॅगन दाखवा." त्यानं वॅगन आर दाखवली. अप्पा म्हणाले, "ही नव्हे." मुलगा म्हणाला, "सर, नावातच वॅगन आहे." तो विषय तिथेच संपला. अप्पा मात्र अजून दर दोन महिन्यांनी तो उकरून काढतात.

खरं दुखणं जुनं आहे. १९९२ साली टेल्कोची इस्टेट आली तेव्हा अप्पा चेतकवर होते. पुढे मुलगी उभी, मागे काकू, काकूंच्या मांडीवर मुलगा. पिंपरीच्या रस्त्यावर सिग्नलला शेजारी ती लांबलचक गाडी येऊन थांबली. मागची काच थेट छतापर्यंत, आणि आतल्या माणसानं बटण दाबून काच खाली केली. "ट्रकवाल्या कंपनीनं केलेली गाडी, आणि काच बटणावर!" हे सांगताना अप्पांचा अंगठा अजूनही हवेत बटण दाबतो. आदल्या वर्षी सिएरा आली होती. पण तिला मागे दारंच नाहीत, म्हणून अप्पांनी ती मनातल्या मनात आधीच रिजेक्ट केलेली. इस्टेट मात्र पास होती. परवडत नव्हती, एवढंच.

मग २००४ मध्ये इंडिगो मरीना आली. तीही पिंपरीचीच. तेव्हा मुलीचं शिक्षण चालू होतं. शिक्षण उरकेपर्यंत गाडीच बंद पडली. म्हणजे रस्त्यात नव्हे, कारखान्यातच. आपल्या देशाला स्टेशन वॅगनचं प्रेम कधी बसलंच नाही. मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, फियाटची सिएना वीकेंड, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, सगळ्या आल्या आणि गेल्या. आपल्याकडे गाडीची डिकी म्हणजे वाड्याची ओसरी. ती बाहेरून दिसलीच पाहिजे. छत शेवटपर्यंत सरळ नेलं की लोक म्हणणार, "रुग्णवाहिका घेतलीत का?" त्यात २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला. कंपन्या लांबी वाढवायच्या ऐवजी शेपट्या छाटायला लागल्या. इंडिगोचीच शेपूट कापून २००८ मध्ये सीएस निघाली. अप्पा हे अशा आवाजात सांगतात, की त्यांचाच एखादा भाऊ छाटला गेला असावा.

आता गाडी बघण्याचा विधी. आदल्या रात्री गाडीमालकाला फोन. "उद्या मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन गार हवं." पोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी अप्पा बॉनेटवर तळहात ठेवतात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. कोमट लागलं तर माझ्या कानात म्हणतात, "सकाळी रडलीये. हसवून ठेवलीये आपल्यासाठी."

मग कापडी पिशवी उघडते. तिच्यात टॉर्च, दाढीचा जुना आरसा, खाली आडवं व्हायला जुने पेपर, दोनशे पानी वही आणि फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक. चुंबक रुमालात गुंडाळलेलं, ओरखडा नको म्हणून. ते दारांवरून, मडगार्डवरून फिरतं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर आत लांबी भरलेली. त्यानंतर काचांवरचे बारीक आकडे वाचायचे. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक भलत्याच वर्षाची निघाली तर त्या बाजूनं कधीतरी ठोकलेली आहे. सीटबेल्ट मुळापर्यंत ओढून त्याच्या पट्टीवरची तारीख बघायची. इंजिन सुरू करून तेलाचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवायचं. झाकण थरथरलं तर ठीक, उडालं तर बॅक कॉम्प्रेशन. मुंबई-ठाण्याची गाडी असेल तर गालिचा उचलून बोटानं गंज खरवडायचा. "समुद्र आहे रे त्या लोकांना," हे ते अत्यंत कणवेनं म्हणतात. पुण्याला समुद्र नाही याचं समाधान झालेला मी पाहिलेला हा एकमेव माणूस.

एमएच-११ ची एक मरीना चारेक तासांत हातची गेली ती अशी. फोनवर मालक म्हणाला होता, "डॉक्टरची गाडी आहे." जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. एवढे डॉक्टर राज्यात असते तर कुणी आजारी पडायला उरलं नसतं. साताऱ्याला पोचलो, तर मालक खरोखरच डॉक्टर, पण संतसाहित्याचे. गाडी स्वच्छ, बोलणं मधाळ, मीटरवर बासष्ट हजार. अप्पा पेपर पसरून स्टिअरिंगखाली शिरले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. "बासष्ट हजारात इतकं झिजत नाही. मीटर खोटं बोलू शकतं, पेडल नाही." डॉक्टर म्हणाले, "मीही सेकंड ओनर. मलाही फसवलं म्हणायचं." मग दोघंही व्हरांड्यात बसून तिसऱ्याच कुणाला तरी शिव्या देत चहा प्यायले. निघताना डॉक्टरांनी कंदी पेढे दिले. दिवाळीला दोन्हीकडून फोन असतो.

असं त्यांचं होतं. गाडी रिजेक्ट आणि मालक पास. वहीत गाड्यांपुढे फुल्या आहेत, मालकांपुढे नातवंडांचे वाढदिवस. काकूंनी मला एकदा जिन्यात गाठून विचारलं, "ह्यांना गाडी मिळाली, तर रविवारी हे करणार काय?"

पण काळ काही वही घेऊन थांबत नाही. पंधरा वर्षांनंतर गाडीचं पासिंग पाच-पाच वर्षांसाठीच होतं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली. वर पर्यावरण कर, संगम पुलाजवळच्या आरटीओत खेपा. लोक कंटाळतात आणि गाडी भंगारात देतात. वहीतल्या फुल्या मारलेल्या निम्म्या गाड्या आता जगात नाहीत. अप्पा कधीतरी जुनं पान उघडून म्हणतात, "ही नाशिकची. नुसता सायलेन्सर फुटला होता रे." मग मुकाट्यानं पान उलटतात.

आणि मग सापडली. तीनशे किलोमीटरवर नव्हे, डहाणूकर कॉलनीत, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. काकूंनी सांगितली, त्या भाजी आणायला रोज तिच्यावरून जायच्या. बंगलीच्या पोर्चमध्ये रुपेरी मरीना, मागच्या काचेला आतून पुठ्ठा: "विकणे आहे. घाई नाही."

मालक बँकेतून निवृत्त. त्यांनी आधी फाईल आणली. २००५ पासूनची प्रत्येक पावती, भोक पाडून, टॅगमध्ये ओवलेली. बॅटऱ्यांचे नंबर वेगळ्या पानावर. अप्पांनी चुंबक फिरवलं, चिकटलं. काचा एका वर्षाच्या. झाकण थरथरलं. पेडलवर नक्षी. मागची सीट आडवी पाडून अप्पांनी खिशातली टेप काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. शेवटी स्टेपनीखाली हात घातला आणि रेक्झिनची पिशवी बाहेर काढली. नाडी शाबूत.

दोन तासांनी अप्पा उभे राहिले. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "किंमत?"

"किंमत नंतर," बँकवाले म्हणाले. "गाडी उभी कुठे करणार?"

"सोसायटीत. आतच."

"वर छप्पर?"

"झाड आहे."

"कुठलं?"

"सोनमोहोर."

बँकवाल्यांनी डोळे मिटले. "म्हणजे मे महिन्यात..." पुढे त्यांना बोलवेना. मग चालवणार कोण, चष्म्याचा नंबर काय, तानपुरा घालणार म्हणता तर घोंगडी अंथरणार की तसाच, असे पाऊण तास प्रश्न झाले. अप्पांनी बीपीच्या गोळ्यांचीसुद्धा खरी माहिती दिली. शेवटी उत्तर आलं, "विचार करून कळवतो."

परतताना अप्पा कर्वे रस्ता ओलांडेपर्यंत बोलले नाहीत. मला वाटलं, दुखावलेत. मग म्हणाले, "माणूस कडक आहे. अशाच माणसाची गाडी घ्यावी."

कळवणं अजून झालेलं नाही. वर्ष होऊन गेलं. सोनमोहोराखालची जागा बदलून अप्पांनी सोसायटीत भांडून छपराखालची मिळवली, तेव्हा बँकवाले येऊन ती बघून गेले आणि "उतार आहे" म्हणाले. पण शनिवारचा फोन बंद झालाय. अप्पा सातला चालत डहाणूकरला जातात. दोघं मिळून गाडी पुसतात, दहा मिनिटं चालू ठेवतात, टायरची हवा बघतात. हवा बरोबर असते.

मध्ये एक गिऱ्हाईक आलं. बाणेरचा तरुण, त्याला गाडी कॅफेपुढे उभी करून मागच्या भागात झाडं लावायची होती. बँकवाल्यांना खुर्ची द्यावी लागली. दुसरं जोडपं मात्र चांगलं होतं, एक लहान मूल, एक कुत्रा, जागा हवी होती, किंमतही मान्य होती. चक्कर मारायला अप्पा शेजारी बसले. परत आल्यावर बँकवाल्यांनी भुवई वर केली. अप्पांनी त्यांना बाजूला घेतलं. "माणूस सज्जन आहे. पण क्लचवर पाय ठेवून चालवतो."

"रिजेक्ट?"

"रिजेक्ट."

यंदा गुरुपौर्णिमेला तानपुरा मरीनातून गेला. बँकवालेच म्हणाले, "विकायच्या आधी एकदा नेऊन तर बघू." गाडी अर्थात त्यांनी चालवली. अप्पा शेजारी, काकू मागे एका बाजूला, आणि दुमडलेल्या सीटवर घोंगडीवर तानपुरा, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण लांबीचा आडवा. मी माझ्या गाडीतून मागे. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला एक स्कूटरवाला पुठ्ठा वाचून पुढे सरकला आणि त्यानं काचेवर टकटक केलं. काय विचारलं ते ऐकू आलं नाही. पुढच्या सीटवरची दोन्ही डोकी एकदमच हलली, डावीकडून उजवीकडे.