घेऊन राहिलो

‘लेझर कटर घेऊन राहिलो,’ असं भाऊ पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा नातू रांगत होता. आता तो पहिलीत आहे आणि भाऊ अजून घेऊनच राहिले आहेत. पुणेकर ‘घेतोय’ म्हणाला की आठवड्यात कुणीतरी ‘घेतलंत का?’ विचारून त्याला अडचणीत आणतं. नागपुरी मराठीतला हा काळ मात्र ऐसपैस. माणूस त्यात पेन्शनसकट राहायला जाऊ शकतो.

भाऊ कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. ६६० मेगावॅटच्या संचासमोर जे कधी डगमगले नाहीत, ते आता ५ वॅट की १० वॅट, या विवंचनेत रात्री जागतात. सुरुवात झाली ती तान्ह्या पोळ्यापासून. नातवाला मिरवायला प्लायवुडचा नंदी घरीच कापायचा, एवढीच इच्छा. सुतारानं तासाभरात दिला असता. पण मग पुढं काय करायचं?

‘डब्यावर ४० वॅट लिहिते न, तो यंत्र वीज किती खाते त्याचा आकडा,’ भाऊ सांगतात. ‘टोकातून निघते ५! आमच्याकडं असं लिहिलं असतं तर मेमो भेटला असता.’ शिवाय निळा डायोड लाकूड कापतो, पण पारदर्शक अॅक्रिलिकमधून खिडकीतल्या उन्हासारखा आरपार जातो. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडची नळी हवी. इथं भाऊ चहाचा कप खाली ठेवतात. ‘तो लेझर शोधला कुमार पटेलनं. १९६४, अमेरिकेत. पण जन्म कुठला? बारामती! म्हणजे यातही पश्चिम महाराष्ट्रच पुढं.’ विदर्भाचा सगळा अनुशेष त्या एका सुस्काऱ्यात असतो.

आता त्या नळीला सतत थंड पाणी लागतं आणि मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर. भाऊंची नजर कूलरच्या टाकीकडं गेली. ‘कूलरले हात तर लावून पाहा,’ काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. नळी बाद झाली. मग डायोडचा धूर सोडायचा कुठं? खोलीला खिडकी एकच आणि तिच्यात तोच कूलर.

इतक्या वर्षांत खरेदी झाली ती एकाच वस्तूची : ४५० नॅनोमीटरचा संरक्षक चष्मा. डोळ्यांच्या बाबतीत भाऊ जोखीम घेत नाहीत.

यंदाही काकूंनीच बाजारातून चाकांचा नंदी आणला. नातू मिरवून आला, पैसे आणि खाऊ मोजत बसला. भाऊंनी चष्मा चढवला, व्हर्निअर काढला आणि नंदीचा कान मोजला.

‘६ मिलिमीटर. म्हणजे १० वॅटचाच पाहिजे.’

मी अक्षरशः उठून उभा राहिलो. ‘मग मागवून टाका न भाऊ!’

‘हो न,’ भाऊ चष्मा पुसत म्हणाले, ‘मागवून राहिलो.’