खुर्चीतला माणूस हलतोय ना?

लंडनच्या बार्कलेज बँकेला 2017 मध्ये प्रश्न पडला: माणसं जागेवर असतात तरी का? मग टेबलांखाली उष्णता आणि हालचाल टिपणाऱ्या काळ्या डब्या लागल्या. 2020 मध्ये सॉफ्टवेअर आलं, तेही मूळचं आपल्या पुण्याचं. काल कामात पुरेसा वेळ दिला नाहीत, अशी समज ते कर्मचाऱ्यांना देऊ लागलं. पुण्यात ही सेवा शेजारी फुकट पुरवतात. बोभाटा झाल्यावर बँकेनं फेब्रुवारीतच हे प्रकरण आवरतं घेतलं.

अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेनं 2024 मध्ये डझनभराहून अधिक जणांना घरी पाठवलं. ठपका काय, तर कीबोर्ड चालू असल्याचा देखावा. माउस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रं बाजारात सर्रास मिळतात. म्हणजे एक यंत्र कामाचं सोंग करणार, दुसरं ते पकडणार. कामाचं काय झालं, हे विचारायला माणूस मोकळा आहे कुठे?

तीन पाळ्यांत एकच संगणक असला की आणखी बहार. सकाळपाळीच्या साहेबांनी मूळव्याधीवर उपाय शोधला, तर दुपारपाळीच्या पोरीला मलमाच्या जाहिराती! स्क्रीनशॉट घेणाऱ्या सॉफ्टवेअरला तर पगारपत्रक आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सारखाच.

आणि कायदा? आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 7 नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला देतं. तेव्हा ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडं टाकून जेवायला आला असाल, तर आधी लॉगआउट करून या.