सबमिटवाले काका

छत्रपती संभाजीनगरात टीव्ही सेंटर, औरंगपुरा, क्रांती चौक असं कुठंही उभं राहा, ‘येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ ही पाटी दिसल्यावाचून राहत नाही. पाटीखाली झेरॉक्सचं मशीन, मशीनवर लॅमिनेशनच्या पिशव्या, काउंटरमागं एका कानात इअरफोन घातलेला पोरगा आणि त्या पोराच्या खांद्यावरून स्क्रीनवर वाकलेले सबमिटवाले काका. प्रत्येक सेंटरवर काका वेगळे असतात, आडनाव वेगळं असतं. पण खिशात आधारकार्डाच्या चार झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटोंचं पाकीट आणि उजव्या हाताचं बोट कायम बटण दाबायच्या पवित्र्यात, एवढं सगळीकडे सारखं.

“दाबलं का?”

“दाबलं काका. थांबा, फिरू राहिलं.”

“फिरू राहिलं म्हणजे गेलं नाही. अजून एकदा दाब.”

“काका, दोनदा जाईल.”

“जाऊ दे ना. एक तर पोचंल!”

या शेवटच्या वाक्यात काकांचं सगळं तत्त्वज्ञान आलं. त्यांना बावळट समजू नका. ज्या शहरात ते वाढले त्या शहराला पाणी जायकवाडीहून येतं, आणि येतं तेव्हा येतं. नळाला पाणी आल्याची बातमी इथं शेजाऱ्याला फोन करून द्यायची असते. असा माणूस ड्रम भरला की टाकी भरतो, टाकीनंतर बादल्या, बादल्यांनंतर हंडे, आणि शेवटी काकू ओरडेपर्यंत पातेली. आज आलेली गोष्ट उद्या येईलच, असा अनुभव त्याच्या गाठीला नसतो. त्याच्या हाती तुम्ही ‘सबमिट’ नावाचं बटण दिलंत आणि ते एकदाच दाबा म्हणालात, तर तो तुमच्याकडे दयेनं पाहील.

माझ्या ओळखीचे जे काका आहेत ते सिडकोत राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांचं पहिलं दुहेरी प्रकरण म्हणजे आधार. आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार मिळालं, हे काका अजून अभिमानानं सांगतात. पुढं त्यांनी स्वतः नोंदणी केली, पावती जपून ठेवली, आणि पोस्टमन महिनाभर फिरकला नाही म्हणून दुसऱ्या केंद्रावर जाऊन पुन्हा नोंदणी केली. पण तिथं गाठ साध्या नावनिशीशी नव्हती. दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं आधारच्या यंत्रणेनं आधीच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि दुसरी नोंदणी परत पाठवली. काकू म्हणाल्या, “बघा, तुम्हाला ओळखणारं कोणीतरी निघालं एकदाचं.”

बोटं आणि बुबुळं न तपासता, नुसत्या नावापत्त्यावरून काकांचा दुसरा अर्ज ओळखणं मात्र सोपं नाही. त्यांच्या पदवीवर मराठवाडा विद्यापीठ आहे आणि मुलीच्या पदवीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, कारण मधे १९९४ चा नामविस्तार झाला. जन्मदाखल्यावर औरंगाबाद, आताच्या रहिवासी दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, कारण मधे २०२३ साल आलं. काही वेबसाइटींनी जिल्ह्यांच्या यादीत जुनं नाव ठेवलं, काहींनी नवं घातलं, आणि काहींनी कोणालाच दुखवायचं नाही म्हणून दोन्ही ठेवली. अशी यादी दिसली की काकांचा चेहरा उजळतो. एक अर्ज ‘औ’खाली, एक ‘छ’खाली. संगणकाला वाटतं दोन जिल्ह्यांतली दोन माणसं आहेत. त्यात इंग्रजी स्पेलिंग; वडिलांच्या नावात एकदा डब्लू, एकदा व्ही. एकच काका कागदोपत्री एका छोट्या बेंचवर मावणार नाहीत इतके होतात.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला तेव्हा काकांना गंगापूर तालुक्यातल्या आपल्या साडेतीन एकरांची फार आठवण आली. एक रुपयात काय होतं, म्हणून त्यांनी तीन वेळा भरायची तयारी केली होती. सेंटरवरच्या पोरानं हात जोडले म्हणून एकावर भागलं. २०२४ मध्ये २८ जूनला लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला, महिन्याला १५०० रुपये, आणि सेंटरांसमोर पावसात छत्र्यांच्या रांगा लागल्या. घरात पेन्शन असल्यानं काकू त्यात बसत नव्हत्या. पण काकांचं बोट स्वस्थ बसेना. त्यांनी गल्लीतल्या बायकांचे फॉर्म फुकट भरून द्यायचा सपाटा लावला. त्या दिवसांत काकांच्या ओट्यावर एक प्रकार रोज चाले. ओटीपी मागवायचा. दहा सेकंदांत आला नाही की ‘पुन्हा पाठवा’ दाबायचं. परत आला नाही की परत दाबायचं. मग तिन्ही एकदम यायचे. काका नेमाने पहिला टाकायचे, कारण तो पहिला आला होता. आणि शेवटचा सोडून बाकीचे बाद झालेले असतात हे पटवून घ्यायला ते तयार नव्हते. “पहिल्यानं काय पाप केलं?” हा त्यांचा सवाल होता.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत तो नेमके असलेच फॉर्म बांधतो. मामांची कीर्ती त्याच्या कानावर होतीच. फराळाच्या ताटावर त्यानं लॅपटॉप उघडला.

“मामा, हे बघा. तुम्ही बटण दाबलं की लगेच ते करडं होतं. दुसऱ्यांदा दाबताच येत नाही.”

काकांनी दाबलं. बटण करडं झालं. काकांनी क्षणभर पाहिलं, “मेलं वाटतं,” म्हणाले आणि पान रिफ्रेश केलं. ब्राउझरनं विचारलं, फॉर्म पुन्हा पाठवायचा का? काकांनी ‘हो’ म्हटलं. एवढं अदबीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? दोन अर्ज गेले.

भाचा हसला. म्हणाला, यावरही इलाज आहे. अर्ज पोचला की सर्व्हरनं त्याच पानावर ‘धन्यवाद’ म्हणायचं नाही; ब्राउझरला सरळ दुसऱ्या, पावतीच्या पत्त्यावर पाठवून द्यायचं. मग माणूस हजारदा रिफ्रेश करो, पावतीच पुन्हा पुन्हा दिसते, अर्ज पुन्हा जात नाही. त्यानं तसं करून दाखवलं. काकांनी मागं जायचा बाण दाबला, भरलेला फॉर्म परत समोर आणला आणि तो पाठवला. तीन.

मग फॉर्मच्या पोटात दडवलेला लांबलचक आकडा आला. प्रत्येक फॉर्म उघडताना सर्व्हर एक नवा आकडा देतो, अर्जाबरोबर तो परत घेतो, एकदा घेतला की खोडून टाकतो. तोच आकडा घेऊन पुन्हा कोणी आलं तर दाराबाहेर. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. करंजी संपवली. आणि नव्या टॅबमध्ये नवा फॉर्म उघडला, त्याला अर्थातच नवा आकडा मिळाला. चार.

“आता आधार नंबरच तपासतो,” भाचा इरेला पेटला. अर्ज आला की आधी यादीत बघायचं, हा नंबर आहे का. नसेल तरच लिहायचा. यावर काकांनी काकूंचा मोबाइल मागवला, लॅपटॉपवर डावं बोट आणि मोबाइलवर उजवं ठेवलं आणि एक-दोन-तीन म्हणून दोन्ही एकदम दाबली. दोन्ही अर्ज एकाच क्षणी यादी बघायला गेले, दोघांनाही यादीत नंबर दिसला नाही, दोघंही लिहून मोकळे झाले. भाच्याच्या कंपनीत या चुकीवर मोठमोठ्या पगाराची माणसं मीटिंगा घेतात. काकांनी ती बनियनवर बसून शोधली. शेवटी त्यानं बघण्याचं काम फॉर्मकडून काढून थेट डेटाबेसवर टाकलं: हा नंबर या तक्त्यात दोनदा लिहिलाच जाणार नाही, असा नियम. तिथं मात्र काकांची दोन्ही बोटं हरली. एक अर्ज गेला, दुसऱ्यावर लाल अक्षरं उमटली: ‘या आधार क्रमांकावर अर्ज आधीच दाखल झालेला आहे.’

भाचा खुर्चीत मागं रेलला. काका मात्र पांढरे पडले.

“कोणी केला?”

“काय?”

“अर्ज! माझ्या नावावर आधीच कोणीतरी अर्ज केलाय म्हणतंय ना हे. कोणी केला?”

ही शंका हसण्यावारी नेऊ नका. कोणत्याही सेंटरवर विचारा, असली लाल अक्षरं वाचून माणसं थेट चुलत्यावर, जाऊबाईवर, जुन्या सरपंचावर संशय घेऊन मोकळी झालेली आहेत. काकांच्याच गल्लीत दोन जावा महिनाभर बोलत नव्हत्या. अर्ज आपलाच, दहा सेकंदांपूर्वीचा, हे त्या अक्षरांत कुठंच लिहिलेलं नसतं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण दुबार अर्ज पकडला; वाचणाऱ्याला वाटतं आपण लुटलो गेलो. मला विचाराल तर गुन्हेगार काकांचं बोट नाही, ती लाल अक्षरं आहेत.

भाच्याचा चेहरा पडलेला पाहून काकांना त्याची कीव आली. “तुला सांगू का,” ते म्हणाले, “मी बावीस वर्षं आवक-जावकला होतो.”

आणि मग काका जे बोलले ते ऐकून मीसुद्धा चिवडा खायचा थांबलो. आवकचं टेबल म्हणजे काय, तर लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टर, शाईचं पॅड आणि तारखेचा शिक्का. माणूस अर्ज घेऊन यायचा, काका त्याला नंबर द्यायचे, रजिस्टरमध्ये ओळ लिहायचे, आणि त्याच्याजवळच्या प्रतीवर शिक्का मारून तोच नंबर घालून परत द्यायचे. ती पोच. आठवड्यानं तोच माणूस तोच अर्ज पुन्हा घेऊन यायचा, कारण साहेबांकडून काही हललेलं नसायचं.

“मग तुम्ही त्याला परत पाठवायचा?” भाच्यानं विचारलं.

“परत कामून पाठवू? तो लांबून एसटीनं आलेला. मी रजिस्टर उलटं चाळायचो. ही बघा तुमची ओळ, अमुक तारीख, अमुक नंबर. पोच हरवली का? आणा इकडं. त्या कागदावर तोच जुना नंबर, तीच जुनी तारीख घालून शिक्का मारून द्यायचो. गडी खूश. रजिस्टरात ओळ एकच.”

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, पैशांचे व्यवहार करणाऱ्या मोठ्या कंपन्या हेच करतात. तोच व्यवहार दुसऱ्यांदा आला, त्याच खुणेच्या आकड्यानं आला, तर ‘चूक’ म्हणून ओरडायचं नाही; पहिल्याला जे उत्तर दिलं तेच उत्तर पुन्हा द्यायचं. मधल्या मधे नेटवर्क तुटलं असेल, पहिलं उत्तर त्याला मिळालंच नसेल. मामा हे रजिस्टर चाळून करत होते. त्याच रात्री त्यानं आपल्या फॉर्ममधली लाल अक्षरं काढली. दुसऱ्यांदा दाबलं की पहिल्याच अर्जाची पावती, पहिल्याच वेळेसह, हिरव्या अक्षरांत. काकांनी ती दाबून दाबून सहा वेळा पाहिली आणि सहाही वेळा नंबर जुळवला.

याचा अर्थ बावीस वर्षं दुसऱ्यांचे दुबार अर्ज सांभाळणारा माणूस स्वतः एकदाच दाबायला शिकला, असा कोणी काढू नये. उलट काकांचं म्हणणं असं, की टेबलामागं मी बसलेलो असतो तर एकदाच दाबलं असतं. आता तिथं कोण बसलंय मला दिसतं का?

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी वीजबिल यूपीआयनं भरलं, चाक फिरत राहिलं, म्हणून परत भरलं. दोन्ही वेळा पैसे गेले. काकांनी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक छापून आणलं. त्यात आहे, की खात्यातून पैसे गेले आणि दुकानदारापर्यंत पोचल्याची खबर आली नाही, तर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत, आणि उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. काका रोज सकाळी शंभराचा हिशोब मांडत होते. भाच्यानं फोनवर समजावलं, “मामा, तो नियम फसलेल्या व्यवहारांचा. तुमचे दोन्ही यशस्वी झालेत.” आयुष्यात इतक्या यशस्वी कामाचं इतकं दुःख काकांना कधी झालं नव्हतं. पुढच्या महिन्याच्या बिलात जास्तीची रक्कम वजा होऊन आली तेव्हा त्यांनी काकूंना बिल दाखवलं, “बघ, ॲडव्हान्स भरून ठेवलं होतं.”

हल्ली सेंटरवरच्या पोरानं काउंटरवर तो बोलका डबा आणून ठेवलाय. पैसे आले की मराठीत मोठ्यानं सांगतो. काकांनी परवा फॉर्मचे पन्नास रुपये पाठवले. मोबाइलवर चाक फिरायला लागलं, बोट उचललं गेलं, तेवढ्यात डबा म्हणाला, “पन्नास रुपये प्राप्त झाले.” बोट हवेत थांबलं. पोरानं श्वास सोडला. काका दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि परत फिरले.

“काय म्हणला रे तो?”

“पन्नास मिळाले म्हणला, काका.”

“गाडीच्या आवाजात नीट ऐकू नाही आलं. परत म्हणायला लाव.”

त्या डब्याला एक बटण असतं. ते दाबलं की शेवटचा व्यवहार तो पुन्हा बोलून दाखवतो, पैसे पुन्हा जात नाहीत. पोरानं ते दाखवलं मात्र, काकांनी स्टूल ओढलं, चपला काढल्या आणि बोट पुढं केलं.