आईंनी मधला एक परिच्छेद सोडावा

ग्वादालाहारा, मेक्सिको
फेब्रुवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईंनी विचारलं, "तिकडे एकादशीला खाता तरी काय गं?" आणि तेवढ्यात रेंज गेली. प्रश्नात काळजी होती, थोडा संशयही होता, म्हणून हे सविस्तर पत्र. शिवाय आपल्या घड्याळांत 11.5 तासांचं अंतर. फोनवर एका बाजूला कुणीतरी कायम पेंगत असतं.

तर आई, तुमच्या उपासाची बहुतेक मंडळी इकडचीच. शेंगदाणे, बटाटे, रताळी, हिरवी मिरची, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, सगळी अमेरिका खंडातली. राजगिरा तर खास मेक्सिकोचा. फुलवलेल्या राजगिऱ्याच्या वड्या इथे सिग्नलला गाडीच्या काचेवर टकटक करून विकतात. संध्याकाळी गल्लीत रताळीवाला येतो. त्याच्या ढकलगाडीत भट्टी असते आणि तिच्या वाफेवर तो अशी शिट्टी वाजवतो की वाटावं, कोकण रेल्वेच दारात आली. भाजलेल्या रताळ्यावर तो घट्ट गोड दूध ओततो. वरीचे तांदूळ तेवढे आपले. ही मंडळी बोटीत बसून आपल्याकडे येण्याआधी आपले पूर्वज उपासाला खरोखर उपाशी राहत असावेत, असा मला दाट संशय आहे.

बाबांसाठी बातमी: इथल्या पोळीतही चुना असतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन दळतात. त्यामुळे सालं सुटतात आणि पीठ मळता येतं. तेव्हा "चंची सोडा" असं आई म्हणाल्या, की हे सांगायला हरकत नाही. उपयोग होणार नाही.

प्रसाद बरा आहे. इथे ओळखीच्या बायका भेटल्यावर गालाला गाल लावतात. पहिले काही महिने तो देवळात चोरी करताना पकडल्यासारखा उभा राहायचा. आता स्वतःहून गाल पुढे करतो. रिवाज आहे म्हणे.

गेल्या शनिवारी आम्ही पोर्तो वायार्ताला समुद्रावर गेलो. वाटेत तेकीला गावाची शेतं लागतात. शेतं कसली, तर घायपाताची! आपण बांधावर गुरं अडवायला लावतो तेच, फक्त निळसर आणि मैलोन् मैल. त्याच्या गड्ड्यापासून जे काढतात त्याचं नाव गावाच्याच नावावर आहे आणि ते बाबांना ठाऊक आहे.

मी नेहमीसारखी तयारी केली होती: दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, दोन चटया, टॉवेल. मनात धाकधूक, की परदेशी किनाऱ्यावर एवढं सामान घेऊन बसणारे आपणच. छे! इथले किनारे कायद्याने सगळ्यांचे, हॉटेलवाल्याला कुंपण घालता येत नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी अख्खी खटली उतरतात. शेजारी एका कुटुंबाच्या चार पिढ्या आल्या. तंबू, बर्फाची पेटी, लिंबात मुरवलेल्या माशाचं पातेलं, कलिंगडं, ढोलाएवढा स्पीकर, आणि सगळ्यांत शेवटी खुर्चीसकट आजी. आजींना लाटेच्या कडेला स्थापन केलं. त्यांनी पाय भिजवले आणि तिथूनच सगळ्यांना दटावायला सुरुवात केली. ओवी जेवून पाण्याकडे पळाली, तर त्यांनी तिला दंडाला धरून परत बसवलं. जेवल्यावर लगेच पाण्यात जायचं नाही. आई, शब्द स्पॅनिश होते, आवाज तुमचा होता.

मग डब्यांची देवाणघेवाण झाली. आजींनी दशमीवर आधी लिंबू पिळलं. इथे लिंबू कशावरही पिळतात, काकडीवर, कलिंगडावर, शहाळ्यातल्या मलईवर, वरून मीठ आणि तिखट. चटणी मात्र त्यांनी तशीच चाखली, पुन्हा घेतली आणि डबा स्वतःच्या मांडीवर ठेवला. तो परत मागण्याएवढं स्पॅनिश मला अजून येत नाही.

(हा परिच्छेद आईंनी सोडावा.) बाबा, इथल्या बंदरावर माडी मिळते. 400 वर्षांपूर्वी मनिलाहून येणाऱ्या गलबतांतून फिलिपिनो खलाशी या किनाऱ्यावर उतरले, त्यांनी माड लावले आणि माडी काढायलाही शिकवलं. विकणारा खांद्यावर कावड घेऊन फिरतो, भोपळ्यातून ओततो आणि वर सफरचंदाचे तुकडे नि शेंगदाणे टाकतो. गुहागरच्या पोराला सांगावं लागलं नाही. त्याने लांबूनच वासावरून ओळखली. नंतर काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासाही झाला.

दुपारी होडीतून व्हेल पाहिले. हे मासे नव्हेत, लेकुरवाळ्या आहेत. थंड उत्तरेतून दर हिवाळ्यात या उपसागरात बाळंतपणाला माहेरी आल्यासारख्या येतात, डिसेंबरपासून मार्चपर्यंत राहतात आणि पिल्लाला घेऊन परत जातात. एवढ्या थोरल्या जिवाने पाण्याबाहेर उडी मारल्यावर होडीतले सगळे ओरडले. प्रसादने फोटो काढले. त्यांत पाणी छान आलं आहे.

तर पुढच्या हिवाळ्यात तुम्ही याच. ताईकडे जायला काढलेला अमेरिकेचा व्हिसा चालू असला, की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पापड, मिरच्या, साबुदाणा यांनी बॅग भरू नका. विळी आणा. नारळ इथे ढिगाने आहेत, पण खोवायला काही नाही, आणि चमच्याने खरवडलेल्या खोबऱ्याचे मोदक ओवी ओळखत नाही. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको.

तुमची,
मृणाल

ता. क. (प्रसादच्या हातचं) बाबा, ती लवकर आंबते, तेव्हा सकाळीच घ्यावी लागते. आई फिरायला कधी जाते, ते कळवा.