वेळकाढू

मराठी भाषेने आमच्यासारख्यांची सोय फार आधीच करून ठेवली आहे. कामाच्या रगाड्यातून सवड काढली तरी ‘वेळ काढला’ म्हणतात आणि काहीही न करता दिवस ढकलला तरी ‘वेळ काढला’च म्हणतात. गेली अकरा वर्षं मी माझ्या छंदांसाठी वेळ काढतो आहे. कोणत्या अर्थाने, ते आमच्या घरी विचारू नये.

छंद सात आहेत. पेटी, मोडी लिपी, पक्षीनिरीक्षण, ट्रेक, जर्मन, बुद्धिबळ आणि गच्चीवरची बाग. पैकी पेटी कपाटावर आहे. जर्मन मोबाइलमध्ये आहे. बागेत एक कढीपत्ता आहे, तो खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लावलाय. दुर्बीण मुलगी वापरते, समोरच्या टॉवरचं काम कितव्या मजल्यापर्यंत आलं ते बघायला. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणणारे म्हणोत बापडे. चिंध्या भाराभर व्हायच्या तर मुळात तेवढं कापड तरी घरात असावं लागतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

त्यातल्या त्यात मोडीत माझी बऱ्यापैकी प्रगती आहे. कोकणातल्या घरी पणजोबांचा एक कागद सापडला, म्हणून क्लास लावला. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जातात, होता होईतो हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही, त्यामुळे माझ्यासारख्याला लिपी पहिल्या दिवसापासून आवडली. सहा महिन्यांत पणजोबांच्या कागदातले दोन शब्द लागले. ‘फणस’ आणि ‘हद्द’. पुढे वाचायची गरज पडली नाही, कोकणातल्या माणसाला एवढ्यावर सगळं कळतं. रेघा मात्र मला फार सुरेख जमतात. दोनशे पानी वही आणली आणि एका बैठकीत निम्मी आखून टाकली. अक्षरं सवडीने.

सवड काढायची कुठून, हा खरा प्रश्न. मालाड पूर्वेच्या माणसाला दिवसाला चोवीस तास मिळतात हा सरकारी आकडा आहे, हातात पडतात ते कापून. थोडे रिक्षाच्या रांगेत जातात, थोडे स्टेशनच्या पुलावर. विरारच्या बहुतेक फास्ट गाड्या मालाडला ओळखसुद्धा दाखवत नाहीत, स्लो येते ती बोरिवलीहूनच भरून येते. यावर आम्ही काढलेला तोडगा म्हणजे रिटर्न. जायचं चर्चगेटला, पण आधी उलट दिशेने बोरिवलीला जायचं, तिथे न उतरता बसून राहायचं आणि तीच गाडी परत चर्चगेटकडे सुटली की आपण खिडकीत. पंचवीस मिनिटं आधी घर सोडावं लागतं आणि पास बोरिवलीपासूनचा काढावा लागतो. पण त्या बदल्यात तासभर बसायला मिळतं, वाचायला, शिकायला, स्वतःसाठी. ही पंचवीस मिनिटं मी झोपेतून काढतो. गाडीत बसल्यावर झोप ती परत घेते. जर्मनचा धडा मी गोरेगावला उघडतो आणि जोगेश्वरीला माझे डोळे मिटतात. म्हणजे माझं जर्मन दोन स्टेशनांचं आहे, तेही २०१६ साली मध्ये राम मंदिर स्टेशन झालं म्हणून. नाहीतर एकाच स्टेशनाचं असतं.

माझ्या समोरच्या बाकावर रोज चार जण मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून रमी खेळतात. पलीकडच्या डब्यात भजनी मंडळ आहे, टाळ-मृदंगासकट. त्यांना कधी ‘वेळ कसा काढता हो?’ असं विचारलं, तर ते आपल्याकडे दया आल्यासारखं बघतील. बायकांच्या डब्यात काय चालतं ते मी पाहिलेलं नाही, पण आमच्या घरी संध्याकाळी सातला जी मेथी निवडून आणि जो लसूण सोलून येतो, ते दोन्ही तिथूनच येतं. तिथे याला छंद म्हणत नाहीत.

प्रवासात वेळ फुकट जातो अशी कुरकुर करणाऱ्यांच्या तोंडावर मी दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव फेकतो. राहायला पुण्यात, नोकरी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि मध्ये डेक्कन क्वीन. माणूस गणिताचा. संख्याशास्त्र शिकायचं तर हाताशी खरं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी जुनी नाणी तोलायला घेतली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. वजनातली घट मोजली तर ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. मग ही नाणी पाडली कुणी, या प्रश्नापायी इतिहास आला. इतिहासाची साधनं वाचायची म्हणून संस्कृत आलं आणि संस्कृतात शिरले ते १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढूनच थांबले. १९५६ साली भारतीय इतिहासावर असा ग्रंथ लिहिला की पुढच्या इतिहासकारांना त्याला वळसा घालून जाता येईना. मध्येच कधीतरी जनुकशास्त्रात एक सूत्र देऊन ठेवलं, ते आजही त्यांच्याच नावाने चालतं. रविवारी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर अश्मयुगातली दगडी पाती वेचायची, हे वेगळंच.

कोसंबींचं उदाहरण देताना मी एक गोष्ट गाळतो. त्यांच्या चिंध्या सगळ्या एकाच ताग्यातल्या होत्या. एक सुटली तिचा धागा ओढत दुसरीपर्यंत गेले, असा तो प्रकार. मीही माझ्या सातही छंदांना जोडणारा धागा एकदा चिकाटीने शोधला. सापडला. सगळ्यांचं सामान ऑनलाइन मागवलेलं आहे. (दिलासा म्हणून सांगतो, कोसंबींचाही एक हात वाया गेला होता. रीमानचं गृहीतक आपल्याला सुटलं असं त्यांना वाटलं होतं, गणितज्ञांना वाटलं नाही. माझ्याबाबतीत निदान गणितज्ञांना त्रास झालेला नाही.)

आणि पुण्यापर्यंत तरी कशाला जायचं? आमच्या मालाडलाच १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणींनी बॉम्बे टॉकीज उभी केली. तिथल्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एका लाजऱ्या तरुणाला १९३६ च्या ‘जीवन नैया’साठी ऐनवेळी कॅमेऱ्यापुढे उभं केलं, कारण ठरलेला नायक हाताशी राहिला नव्हता. तो अशोककुमार. पुढे त्याच माणसाने सिनेमा सांभाळून चित्रं काढली आणि होमिओपॅथीची औषधंही दिली. म्हणजे मालाडच्या पाण्यात काही दोष नाही. आता त्या आवारात गाळे आहेत, छोटे कारखाने आहेत आणि स्टुडिओच्या पडक्या भिंती आहेत.

कलेला आश्रय द्यायचं काम सध्या मालाडमध्ये बिल्डरांकडे आहे. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालंय. बिल्डरने वाटलेलं पुस्तक आर्ट पेपरवर छापलेलं आहे आणि आमच्या सध्याच्या दोन खोल्यांपेक्षा त्याला पानं जास्त आहेत. पोडियमवर बाग, बागेत ॲम्फीथिएटर, शेजारी योगा डेक, त्याखाली मिनी थिएटर, अनवाणी चालायला गोटे बसवलेली वाट. आणि पान सतरावर चक्क ‘हॉबी रूम’. चित्रात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मातीचं भांडं घडवताहेत, शेजारी त्यांची पत्नी हसते आहे. दोघांच्याही अंगावर मातीचा ठिपका नाही. जनरल बॉडीत तीन तास वाद झाला तो कार्पेट एरिया, कॉर्पस आणि पार्किंगवर. हॉबी रूमचा विषय फक्त मी काढला. सेक्रेटरी म्हणाले, “असू दे हो, वॉचमनला झोपायला होईल.” नाही म्हणायला चौथीतल्या एका मुलाची आई पुढे आली. तिच्या मुलाला अबॅकस आणि स्केटिंग यांच्या मधल्या वीस मिनिटांत कुठेतरी बसून डबा खायचा असतो, त्याला ती खोली चालेल म्हणाली.

त्या रात्री जेवताना मी जरा गंभीर झालो. म्हटलं, पु. ल. देशपांडे घे. आपल्याच लाइनीवरचे, पार्ल्यात वाढलेले. १९५३ चा ‘गुळाचा गणपती’ बघ, कथा त्यांची, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन त्यांचं आणि वर मुख्य भूमिकाही त्यांचीच. पेटी वाजवायचे, नाटकं लिहायचे, एकट्याच्या बळावर रंगमंच भरून टाकायचे. त्यांना कसा वेळ मिळत असेल?

“सुनीताबाईंना विचारा,” ही म्हणाली. “त्यांनी लिहून ठेवलंय.”

‘आहे मनोहर तरी’ आमच्या घरात आहे हे मला माहीत होतं. १९९० साली निघालेलं पुस्तक. ते हिने तीन वेळा वाचलंय आणि तिन्ही वेळा लेडीज डब्यात, हे मला त्या रात्री कळलं. पु.लं.चे कार्यक्रम, व्यवहार, करारमदार सुनीताबाई बघत, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. त्याचा घरातल्या बाजूचा हिशेब त्या पुस्तकाने मांडला. आणि सुनीताबाई काही हिशेब करायला जन्मलेल्या नव्हत्या. बेचाळीसच्या चळवळीत उतरल्या होत्या, ‘वंदे मातरम्’ चित्रपटात काम केलं होतं, बोरकरांच्या कविता म्हणायला उभ्या राहिल्या की लोक पुन्हा ऐकायला येत. ही हे सगळं आमटी वाढता वाढता सांगत होती. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, “तुला गं कसला छंद होता?”

“होता?” ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

कन्या मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, “बाबा, आई जे.जे.ला जाणार होती. तुम्हाला माहीत नाही?”

मला माहीत होतं. लग्नाच्या आधी माहीत होतं, म्हणजे तेव्हा तिने सांगितलं होतं आणि मी कौतुकही केलं होतं. मग मध्ये वीस-बावीस वर्षं रिटर्नची गाडी पकडण्यात गेली.

त्यानंतरच्या शनिवारी मी मोडीच्याच वहीत नव्या दमाने वेळापत्रक केलं. हा माझा आठवा छंद म्हणायला हरकत नाही आणि तो एकटा नियमित आहे. चार रंगांची पेनं, आठवड्याचे सात रकाने. सोमवार ते शुक्रवार फारसं काही बसेना, म्हणून सगळं रविवारी सकाळी सात ते अकरामध्ये कोंबलं. पेटी पाऊण तास, मोडी पाऊण तास, बाग वीस मिनिटं, असं करत अकरापर्यंत सातही छंद मी कागदावर पार पाडले. वही स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर ठेवली, म्हणजे सगळ्यांच्या नजरेसमोर राहील.

सकाळी उठून बघतो तर मोडीच्या रेघांना अक्षरं लटकलेली. मोडी नव्हे, चांगली ठसठशीत देवनागरी. दूध दीड लिटर, तापवणे. इस्त्रीवाला येईल, अकरा कपडे आहेत, मोजून देणे. डाळ-भात लावलाय, गॅस पेटवून तीन शिट्ट्या. टँकर आला की इंटरकॉमवर उचलून ‘हो’ म्हणणे. बाई आज येणार नाही. आणि सगळ्यात खाली: मी मनोरीला, अकरापर्यंत.

ती दारातच होती. खांद्याला शबनम, त्यातून ब्रशची टोकं बाहेर. लेडीज डब्यातल्या दोघी जणी खाली रिक्षा घेऊन थांबल्या होत्या, मार्वेहून बोटीने पलीकडे जायचं आणि किनाऱ्यावर बसून रंगवायचं असा बेत. कधीपासून शिजत होता देव जाणे. नवी गोष्ट एकच दिसत होती, रंगांचा डबा. तोही मुलीचा शाळेतला.

“अगं, पण एवढा वेळ काढलास कुठून?”

“तुमच्या वहीतून,” ती म्हणाली. “रविवारी सात ते अकरा तिथे काही होत नाही. मी दर रविवारी बघते ना.”

रिक्षा वळली. मी आत आलो. दूध ठेवलं. इस्त्रीवाल्याला नऊ कपडे दिले, दोन कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. तेवढ्यात मोबाइलवर जर्मनवाल्यांचा निरोप आला की आज तुम्ही सराव केलेला नाही, त्यांना वाईट वाटतंय. त्यांना उत्तर काय द्यावं हा विचार करत असताना दूध उतू गेलं. ओटा पुसत असताना इंटरकॉम वाजला. मी ‘हो’ म्हणालो, पण वॉचमन टँकरबद्दल नाही तर आमच्या गाडीच्या मागे कुणीतरी गाडी लावलीय त्याबद्दल विचारत होता.

मग कुकर लावला आणि खांबासारखा ताठ उभा राहिलो. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. त्यानंतर खिडकीबाहेर कढीपत्त्यावर एक पक्षी येऊन बसला, अकरा वर्षांत पहिल्यांदाच दिसलेला, छातीवर पिवळा. दुर्बीण मुलीच्या खोलीत आणि तिचं दार बंद. मी गजाला नाक लावून बघत राहिलो. मोबाइल वाजला तेव्हा तो उडाला.

“पोचलो आम्ही,” ही म्हणाली. मागे वारा आणि कोळणींचा आवाज येत होता. “कुकर बंद केलात का?”

“किती शिट्ट्यांवर म्हणाली होतीस?”

“तीन. किती झाल्या?”

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. एक जोरात सुरू होती. तिच्या आधीच्या मी मोजल्या नव्हत्या.