दोन्ही बाजूंनी झेरॉक्स

किनवट तालुक्यातला माणूस एक वेळ हरवेल, त्याची झेरॉक्स हरवायची नाही. तहसील, पंचायत समिती, आदिवासी प्रकल्प कार्यालय, बँक, पतसंस्था, गॅस एजन्सी, सिमकार्डाचं दुकान, सगळीकडे तो थोडा थोडा जमा झालेला असतो. इस्लापूरकडून, मांडवीकडून, एखाद्या तांड्यावरून नाहीतर कोलामांच्या पोडावरून माणूस सकाळच्या एसटीने निघतो, तो साहेबाला भेटायच्या आधी झेरॉक्सवाल्याला भेटतो. तिथं 'काय काम आहे?' असं कुणी विचारत नाही. 'किती सेट?' एवढंच विचारतात.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. एटीएममध्ये त्यांनी कार्ड घातलं, मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत आणि मोबाईलवर पाच हजार वजा झाल्याचा मेसेज मात्र तत्परतेने आला. असे पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप खात्यात परत यायला हवेत आणि उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला द्यायला हवेत, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. 'आपोआप' या प्रकारावर आपल्याकडे कुणाचाच विश्वास नाही, गुरुजींचाही नाही. ते बँकेत गेले. बँकेचं नाव सांगत नाही. तुम्ही तुमच्या बँकेचं घाला, बसेल.

"अर्ज द्या," खिडकीतून उत्तर आलं.

अर्ज म्हणजे कधीकाळच्या मूळ अर्जाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. प्रतीवरून प्रत काढता काढता उजवीकडची कड उडालेली, त्यामुळे 'ए.टी.एम. कार्ड क्रमांक' या रकान्यात सोळा आकड्यांसाठी चौदाच चौकोन उरलेले. बाकीचे दोन आकडे समासात लिहायचे, अशी प्रथा पडली आहे. गुरुजींनी लिहिले. अक्षर सुंदर, लांबून वाचता यावं असं.

"आता कार्डाची झेरॉक्स लावा गुरुजी. दोन्ही बाजूंनी."

"मागची कशाला?"

"सही असते ना मागं."

"मागं तीन आकडेपण असतात."

"असू द्या की. आपल्याला काय करायचं त्याचं?"

गुरुजी बाहेर गेले, त्या तीन आकड्यांवर कागदाचा कपटा ठेवून झेरॉक्स काढली आणि परत रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या बाबूंनी प्रत उजेडात धरली. "हे काय झाकलंय? अपूर्ण कागद चालत नाही, गुरुजी. वरून ऑब्जेक्शन येतं." बाबूंच्या डोक्यामागे भिंतीवर बँकेचंच पोस्टर होतं: कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, पिन, ओटीपी कुणालाही सांगू नका, बँक कधीही विचारत नाही. गुरुजींनी नुसतं बोट दाखवलं.

बाबूंनी मान वळवून पोस्टर वाचलं, बहुधा पहिल्यांदाच. मग म्हणाले, "बरोबर आहे. आम्ही कुठं विचारतोय? आम्ही जोडायला सांगतोय."

या उत्तरात आपल्या देशाचं सगळं सायबर धोरण आलं. फोनवर कुणी सोळा आकडे विचारले तर तो जामताऱ्याचा भामटा. खिडकीतून मागितले तर ते सहपत्र क्रमांक तीन.

आता त्या तीन आकड्यांचं माहात्म्य. कार्डाच्या सुरक्षेचे जे जागतिक नियम आहेत, पीसीआय डीएसएस म्हणतात त्यांना, त्यांनुसार व्यवहार झाल्यावर दुकानदाराने हा सीव्हीव्ही साठवायचाच नाही. कुलपात नाही, सांकेतिक लिपीतही नाही. आपल्याकडे तर १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना कार्डाचा पूर्ण नंबरसुद्धा ठेवायला बंदी आहे. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या सर्व्हरवरून नंबर पुसले आणि त्याजागी टोकन बसवली. इकडे पतसंस्थेच्या काउंटरखालच्या बिस्किटाच्या खोक्यात तेच नंबर, पुढून-मागून, स्वतःच्या सहीनिशी 'सत्यप्रत' करून पडलेले आहेत. चोराला नंबर मिळाला तर त्याने सहीसाठी वणवण करू नये, एवढी काळजी आपण घेतो.

देशातल्या ऑनलाइन खरेदीला २००९ पासून दुसरी खातरजमा लागते, म्हणजे सध्याचा ओटीपी, हे खरं. परदेशातल्या बऱ्याच वेबसाइटना ती लागत नाही. त्यांना नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणून १६ मार्च २०२० पासून नव्या कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवून कार्ड द्यावं, असा नियम झाला. चांगला नियम आहे. पण दिवाळीला आलेल्या नातवाने कुठलासा गेम विकत घ्यायला ते बटण चालू करून ठेवलं असेल, तर ते आजोबांना कोण सांगणार?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा ९४ कोटी उडाले. त्यासाठी चोरांना बँकेच्या यंत्रणेत घुसावं लागलं, बनावट कार्डं करावी लागली, २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं उभी करावी लागली. केवढा तो खटाटोप! आमच्याकडे बँकेच्या मागच्या खोलीतली जुनी बाडं रद्दीत कधी निघतात, याची चौकशी केली तरी भागेल. रद्दीचा भाव किलोवर ठरतो, आत कुणाचं काय लिहिलंय याचे वेगळे पैसे लागत नाहीत. मी स्वतः बसस्टँडवर एका अनोळखी माणसाच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर भजी खाल्ली आहेत. आयएफएससी कोड तेलाने छान पारदर्शक झाला होता.

कागद मागणारे आम्हीच एकटे नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा जी-१४५० नावाचा फॉर्म आहे. तिकडच्या मराठी पोरांना तो पाठ असेल. त्यातही क्रेडिट कार्डाचा नंबर कागदावरच लिहून द्यायचा. फरक एवढाच की अर्ज दाखल करून घेवो की परत पाठवो, कार्डाची माहिती आम्ही नष्ट करू, असं ते खातं सांगतं. आमच्याकडे नष्ट करण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी लागत नाही, ते काम उंदीर आणि वाळवी विनावेतन बघतात. फक्त क्रम त्यांच्या मर्जीने लागतो.

सरकारचंही या बाबतीत ठाम मत आहे, एकाहून जास्तच आहेत. २७ मे २०२२ रोजी आधारच्या बंगळुरू कार्यालयाने जाहीर केलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार द्या. लोक हबकले, कारण तोवर प्रत्येकाने निदान पोतंभर वाटल्या होत्या. २९ मे रोजी ते पत्रक मागे घेतलं आणि लोकांनी 'नेहमीचा विवेक' वापरावा असं सांगितलं. ४८ तासांत धोका आलाही आणि गेलाही. किनवटला तर येणं आणि जाणं या दोन्ही बातम्या एकदमच पोचल्या, त्यामुळे झेरॉक्सवाल्याचा धंदा एक दिवसही बुडाला नाही.

नेहमीचा विवेक वापरून काय होतं ते आमच्याच जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्याने २०२४ मध्ये पाहिलं. लाडकी बहीण योजनेचा हंगाम होता. एका सेवा केंद्रचालकाने ओळखीच्या पुरुषांकडून आधार आणि पासबुकं गोळा केली, त्यांच्या खात्यांवर बहिणींचे पैसे आणले आणि रोजगार हमीचे आलेत असं सांगून अंगठा लावून काढून घेतल्याचं उघडकीला आलं. भावांना आपण लाडक्या बहिणी झाल्याचं पेपर वाचून कळलं.

अंगठ्याचंही तेच. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा जुळला की पैसे निघतात. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. आणि अंगठे कुठं मिळतात? आदिलाबाद ओलांडून पुढं गेलं की पेद्दापल्ली जिल्हा लागतो. तिथल्या एका सिमकार्डवाल्याने वेबसाइटवर टाकलेल्या जमिनीच्या खरेदीखतांवरून लोकांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी अंगठे केले आणि हजारो सिम चालू केली, हे २०१८ मध्ये उघड झालं. आमच्या पोडावरची म्हातारी मात्र मशीनवर बोट पुसून पुसून दमते. मोहफुलं वेचून झिजलेला तिचा खरा अंगठा मशीनला पटत नाही, लिंक फेल दाखवतं. रबरी अंगठ्याला अशी अडचण आल्याचं ऐकिवात नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या नावातच 'डिजिटल' आहे. माहिती संगणकातून घेतली, किंवा कागदावर घेऊन नंतर संगणकात भरली, तर हा कायदा लागू. नुसती कागदावरच राहिली, तर लागू नाही. म्हणजे बाबूंनी गुरुजींचे सोळा आकडे टाइप केले असते तर ते कायद्याच्या छायेत आले असते. ते फडताळात टाकल्यामुळे फडताळाच्या छायेत आहेत, आणि त्याची कडी मोडलेली आहे. एवढं होऊन पैसे गेलेच, तर रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहेच: ग्राहकाने गुप्त माहिती स्वतः दुसऱ्याला दिली असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. म्हणजे आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा. मग बँकेत जायचं, अर्ज द्यायचा. सोबत कार्डाची झेरॉक्स.

गुरुजींचे पैसे पाचव्या दिवशी आपोआप जमा झाले. अर्ज त्रुटीत आहे.

शहाणी माणसं सांगतात, झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते लिहावं, तारीख टाकावी. आमच्या शेजारच्या वहिनींनी तसं केलं. आधारच्या चार प्रतींवर ठळक लिहिलं, 'फक्त गॅस जोडणीसाठी'. गॅसवाल्याने एकच ठेवून घेतली. उरलेल्यांपैकी एक पोराच्या शाळेत चालली, एक बचत गटाच्या कर्जाला, आणि एक सातबाऱ्याच्या कामाला तलाठ्याकडे लागली. कुणी हरकत घेतली नाही. उलट तिसऱ्या ठिकाणी त्या ओळीवर बरोबर मधोमध गोल शिक्का मारून मिळाला.