डी ड्राइव्हमधल्या पाहुण्यांस अनावृत पत्र

मु. पो. हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा

श्रीमान न्यू फोल्डर डॉट ईएक्सई यांस,

सा. न. वि. वि.

आपले खरे नाव आम्हांला ठाऊक नाही. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आपण ज्या नावाने पहिल्यांदा दर्शन दिलेत, त्याच नावाने लिहितो. आपल्या घराण्यात पूर्वी अशी लपवाछपवी नव्हती. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अलवी या भावांनी 'ब्रेन' हा व्हायरस लिहिला, तेव्हा त्यात स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि चक्क फोन नंबर घातला होता. शिव्या कुठे पोचवायच्या हे माणसाला कळत तरी होते. आपण मात्र फोल्डरचा पिवळा अंगरखा घालून आलात आणि 'लग्नाचे फोटो' म्हणून बसलात. लग्नाचे फोटो म्हटल्यावर आमच्या घरात न उघडणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

ज्या पेनड्राइव्हवर बसून आपण आलात, तो आधी फोटोवाल्याकडे, मग झेरॉक्सच्या दुकानात, मग दोन-चार नातेवाइकांकडे मुक्काम करत आला होता. एस. टी.सुद्धा इतके थांबे घेत नाही. त्यावर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची एक चिठ्ठी होती म्हणे. पेनड्राइव्ह लावला की यंत्राने मालकाला न विचारता पाहुण्याला आत घ्यावे, एवढाच तिचा मजकूर. पुढे २०११ साली जुन्या विंडोजसाठी अपडेट निघाले आणि पेनड्राइव्हवरची ही चिठ्ठी वाचणे बंद झाले. पण अपडेटला नेट लागते, आणि आमच्याकडे तेव्हा नेट असले तर लाइन नसे, लाइन असली तर नेट नसे.

आत आल्यावर आपण घराचा ताबा घेतलात तो फार पद्धतशीरपणे. खरे फोल्डर अदृश्य केले आणि त्यांच्या जागी त्याच नावाची आपली पोरे बसवली. टास्क मॅनेजर उघडायला गेलो, तर 'तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने हे बंद केले आहे' अशी इंग्रजीत पाटी. आईला अर्थ सांगितला, तर ती म्हणाली, "हा कोन गा? आपल्या घरात राह्यते काय?" तिचा प्रश्न रास्त होता. फोल्डर ऑप्शन्स हा पर्याय तर आपण मेनूतूनच काढून टाकलात. लपलेला माणूस शोधायला टॉर्च घ्यावा, तर टॉर्चच पाहुण्यांच्या खिशात!

तक्रार करावी म्हणून कायदा पाहिला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये आपला नावानिशी उल्लेख आहे. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालणाऱ्याने नुकसानभरपाई द्यावी, असे ते कलम सांगते. ओळखीच्या वकिलांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून एवढेच विचारले, "परवानगीवाचून? मग डबल क्लिक कोणी केलं?" बैठक तिथेच संपली.

मग इलाज सुरू झाले. आमच्या जिल्ह्यात नको असलेल्या पाहुण्याला घालवण्याची एक जुनी, सभ्य पद्धत आहे. सेवाग्राम आश्रमात साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला दिसतो. साप मारायचा नाही, धरून दूर रानात सोडायचा. अँटिव्हायरस ज्याला क्वारंटाइन म्हणतो तो असाच पिंजरा. सापाची एक नक्कल मात्र आधीच कोठीघरात ठेवलेली नसते. आपली होती. सिस्टिम रिस्टोअर म्हणून विंडोज जी जुनी स्थिती जपून ठेवते, त्या कोठीत आपण आधीच जाऊन बसला होतात. पिंजरा भरला की आम्ही चहा पीत होतो, आणि एखाद्या दिवशी यंत्र मागच्या तारखेवर नेले की त्याबरोबर आपण परत हजर. सेफ मोडमध्ये गाठावे म्हणून सुरू होतानाच एफ-आठ दाबले, तर ती वाटही बुजवलेली. आपल्या जातीतल्या सॅलिटीची ती जुनी खोड आहे, असे नंतर कळले.

न्यायाची गोष्ट म्हणून आपल्या जमेच्या बाजूलाही काही लिहितो. पुण्यात कैलास काटकर नावाचा दहावी शिकलेला तरुण कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळला. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत आपलेच भाऊबंद निघू लागले, तेव्हा त्यांना हुसकावण्याचे प्रोग्रॅम धाकटा भाऊ संजय लिहू लागला. १९९५ साली त्यातून क्विक हील निघाले, आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात उतरली. लाहोरचे भाऊ आपल्याला घडवतात, पुण्याचे भाऊ आपल्याला मोडतात, आणि मधल्या मधे हिंगणीच्या आम्हां भावंडांचे पीक विम्याचे अर्ज अडकतात.

शेवटी फॉरमॅट. वर्ध्याहून पोरगा आला, सी ड्राइव्ह पुसला, नवी विंडोज टाकली. यंत्र नव्या नवरीसारखे चकाकले. संध्याकाळी कोणीतरी फोटो पाहायला डी ड्राइव्हवर डबल क्लिक केले आणि आपण नमस्कार करत बाहेर आलात. ती ऑटोरनची चिठ्ठी आपण डीच्या दारावरही चिकटवून ठेवली होती! पोराला पुन्हा बोलावले. तो म्हणाला, "काका, सी म्हनसान तितक्यांदा उडवतो. डीले मी हात नाही लावत. फोटो गेले त मलेच बोलसान."

खरी मेख इथे आहे, आणि ती आपल्याला आमच्या आधी कळली होती. लोक आपल्याला चिवट म्हणतात. आपल्यात चिवट असे काही नाही. आपण जेमतेम काहीशे केबींचा ऐवज. चिवट आहे तो आमचा डी ड्राइव्ह. पोळ्याला सजवलेली आणि नंतर विकावी लागलेली बैलजोडी त्यात आहे, बारशी आहेत, आणि वडील फोटोसाठी अवघडून उभे राहिलेत तेही आहे. त्याच्याच शेजारी कोणीतरी फुकट दिलेले गेम, क्रॅकसकट सॉफ्टवेअर आणि कधीच न लागणारे सेटअप आहेत. आम्ही दोन्ही एकाच मायेने जपले. पोराने कितीही वेळा सी पुसावा, घरातले कोणी डीला बोट लावू देणार नाही, या भरवशावर आपण पाय पसरून झोपलात.

१४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. पाच वर्षांत इंग्रज गेले. त्यांच्याकडे सैन्य होते, तोफा होत्या, व्हॉइसरॉय होता. पण आमच्या लग्नाचे फोटो नव्हते.

तरी आता नोटीस घ्यावी. येत्या रविवारी हे यंत्र आपल्या विंडोजवरून सुरूच होणार नाही. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर तयार केलेल्या रेस्क्यू डिस्कवरून सुरू होईल, म्हणजे आपण उठायच्या आत घर आमच्या ताब्यात. नेटची वायर काढलेली असेल. फायलींची शेपटे दिसतील अशी सोय केली जाईल. ज्या फोल्डरच्या शेपटाला ईएक्सई आहे तो फोल्डर नव्हे, आणि यादीत फोल्डरपुढे आकार लिहिलेला नसतो, हे आता आईसुद्धा ओळखते. फोटो आणि व्हिडिओ निवडून बाहेर काढले जातील. गेम, क्रॅक आणि सेटअप यांना आपल्याबरोबर जायचे आहे. भाच्याने त्यावर उपोषणाची धमकी दिली आहे, तिची दखल घेतलेली नाही. त्यानंतर सी आणि डी दोन्ही पुसले जातील.

सरकारी मार्गानेच जायची हौस असेल, तर फेब्रुवारी २०१७ पासून केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र आहे, तिथली सफाईची साधने फुकट मिळतात. ग्रामपंचायतीचा दाखला लागत नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
घरमालक

ता. क. : पत्राचे उत्तर द्यायचे झाल्यास पोस्टकार्डावर द्यावे. पेनड्राइव्हवर पाठवू नये.